पंधरावा वाटा

बाळांनो, जरा डोळे मिटून बसा. घाई नाही. आता मिटल्या डोळ्यांपुढे एक तलाव आणा. पौषातला तलाव, म्हणजे अजून भरपूर पाणी, आणि पाण्यावर सकाळचं धुकं. एका बाजूला मातीची उंच पाळ. पाळीवर मोहाची जुनी झाडं. पलीकडे धान कापून झालेल्या बांध्या, आणि त्यांत लाखोरीची निळी फुलं. थंडी वाजते ना? मग पाळीच्या पायथ्याशी उन्हात उतरा. तिथं कुडाच्या भिंतींची चौदा घरं आहेत. प्रत्येक घरापुढे बांबूवर जाळं वाळत घातलेलं. अगदी शेवटच्या घरापुढे अकरा वर्षांची एक मुलगी पाय पसरून बसली आहे आणि टकळी फिरवून सणाच्या वाखाचं सूत कातते आहे. ऐनाच्या सालीच्या काढ्यात सूत बुडवून बुडवून तिची बोटं काळपट झाली आहेत. ही मंगली. आता डोळे उघडा आणि तिच्या मागे मागे या.

पेंढरबोडी हे गाव चांदा जिल्ह्यातल्या सावलीपासून तीन कोसांवर. मालगुजारी मोडून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तलाव सरकारजमा झाला होता, पण त्यातले मासे आधीही धिवरांचे होते आणि नंतरही धिवरांचेच राहिले. मंगलीचा बाप गोविंदा हा त्या चौदा घरांतला एकटाच ख्रिस्ती. सावलीहून सायकलवर येणाऱ्या बापूजी मास्तरांच्या हातून त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातीत कुरकुर झाली होती. पण गोविंदासारखं जाळं दुसऱ्या कोणाला विणता येत नव्हतं, त्यामुळे कुरकुर लवकरच निवली. रविवारी तो घरातच चटई टाकून उपासना करी. मंडळी तीन. तो, बायको गोकुळा आणि मंगली.

संध्याकाळ मात्र फक्त मंगलीची असे. गोविंदा दारात बसून बांबूच्या सुईनं जाळं विणायचा, ती सूत पुरवायची, आणि तो प्रभूच्या गोष्टी सांगायचा. गोष्ट सांगताना तो सगळ्यांचे आवाज काढी. शंभर मेंढरांतलं एक रानात हरवतं, ती गोष्ट आली की तो मान वर करून असा काही बेंबटायचा, की शेजारच्या चैतूची बकरी गोठ्यातून ओ द्यायची. मंगली हसून हसून सूत गुंतवून ठेवायची.

त्या वर्षी दिवाळीपासून एक भोवरी जाळं सुरू झालं होतं. भोवरी जाळं म्हणजे खांद्यावरून फेकायचं, पाण्यावर ताटासारखं गोल उघडणारं.

"बाबा, हे कोणासाठी विणून राह्यला तू?"

"पाहू ना."

"मोठ्या माणसाचं नाई दिसत. लहान आहे."

"हलकं करून राह्यलो."

"काऊन हलकं?"

"एखाद्याच्या हाताले हलकंच पायजे असते वो बाई."

एवढं मंगलीला पुरे झालं. धिवरांच्या पोरी जाळं फेकत नाहीत. त्या टोपलीनं झिंगे धरतात आणि डोक्यावर मासे घेऊन बाजाराला जातात. पण मंगलीला भाऊ नव्हता, आणि बापानं तिला एकदा कमरेइतक्या पाण्यात उभं करून खांद्यावर जाळं कसं घ्यायचं ते दाखवलं होतं. तेव्हापासून तिचा जीव त्यातच होता. पौष गेला, माघ गेला. मांडीवर सूत वळून वळून कातडी सोलली, तर तिनं करंजीचं तेल लावलं आणि दुसरी मांडी पुढे केली.

होळी होऊन आठ दिवस झाले आणि लच्छू गावात आला.

लच्छू कोण, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं, जरी कोणी त्याचं नाव घेत नसे. पाच वर्षांमागं तलाव झोडपायच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून मासे धरायच्या दिवसाआधी त्यानं पोतंभर गेळफळं कुटून पाण्यात कालवली होती. गेळाच्या विषानं मासे गुंगून वर येतात. एकट्यानंच उपसून बाजाराला न्यावे असा त्याचा बेत. पण अंदाज चुकला. मोठे मेले, लहान मेले, अंडी घालणाऱ्या माद्या पोट वर करून काठाला लागल्या. आठ दिवस घास तोंडाजवळ नेववत नव्हता, असा वास. पुढची दोन वर्षं तलावात हाताएवढा मासा दिसला नाही. मंगली तेव्हा सहाची होती. अंबाडीची भाजी आणि आंबील, आंबील आणि अंबाडीची भाजी, हे तिला चांगलं आठवत होतं. पंचांनी लच्छूची जाळी पाळीवर आणून जाळली आणि चौदा घरांच्या कर्त्यांनी तलावात उभं राहून शपथ घेतली, की मरेपर्यंत तलावावर याचं नाव तोंडातून काढायचं नाही. लच्छू बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत निघून गेला. मागे त्याची म्हातारी माय बुधरी तेवढी राहिली, तलावाचं पाणी सोडायच्या तुडुमापलीकडे, गवती छपराच्या एकट्या खोपडीत.

आता बुधरीनं अंथरूण धरलं होतं, म्हणून तो आला होता. छातीचा पिंजरा झालेला. दहा पावलं चालला की खोकायचा, आणि थुंकी काळी पडायची.

"मी जरा त्याच्याकडे जाऊन येतो," त्या संध्याकाळी गोविंदा म्हणाला.

गोकुळा चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली.

"कोणाकडे?" मंगलीनं विचारलं. "त्या जहरवाल्याकडे?"

"लच्छूकडे."

"त्यानं तलाव मारला बाबा!"

"मारला. मी नाई कुठी म्हणतो? मास्तर म्हणत, ज्याच्या दारात कोणी जात नाई, त्याच्या दारात आपलं पयलं काम. देवानं आपल्याले दया देली ते काय गाडग्यात झाकून ठेवाले?"

तो गेला. दिवा लावायची वेळ झाली तरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशीही. जाळं आता शेवटच्या फेऱ्यावर होतं, लोखंडी कड्या ओवायच्या राहिल्या होत्या. त्या त्यानं भर दुपारी, एकट्यानंच ओवल्या. मंगली मोह वेचून आली तेव्हा जाळं पुरं होऊन बांबूवर टांगलेलं होतं. तिनं टोपली खाली ठेवली आणि जाळ्याची कड गालाला लावून पाहिली. सालीचा कडू वास आला. बाबा आपणहून देईल, मग घेऊ, असं तिनं ठरवलं.

सकाळी बांबू रिकामा होता.

"जाळं चोरीले गेलं!" मंगली अशी ओरडली, की सगळी घरं बाहेर आली. "माहं जाळं नेलं कोणीतरी!"

चैतू काठी घेऊन धावला. मुखरूभाऊ, चौदा घरांचा म्होरक्या, तोंडात दातून तसंच धरून आला. बायका जमल्या. कोणी म्हणे सावलीकडच्या फिरत्या लोकांचं काम, कोणी म्हणे रात्री कुत्री भुंकत होती. तेवढ्यात पाळीवरून गोविंदा उतरताना दिसला, हात रिकामे.

"चोरी नाई गा," तो मान खाली घालून म्हणाला. "मीच देलं."

"कोणाले?" मुखरूनं विचारलं.

"लच्छूले."

कोणीतरी बाई खुदकन हसली. "अन् पोट्टी म्हणते माहं जाळं!"

मंगलीचे कान तापले. आपले दोन्ही काळपट हात तिनं परकराच्या मागे नेले.

मुखरूनं दातून थुंकून टाकलं. "गोविंदा, आमी जाळलं ते तू विणून देतं?"

"तुमी जाळलं ते बरोबर होतं भाऊ. पण आता किती वर्ष जाळता त्याले?"

"माह्या तोंडून उत्तर नको घेऊ. माह्या नातवानं दोन वर्ष मासोळीचं तोंड पाह्यलं नाई." एवढं बोलून मुखरू निघून गेला. वाईट माणूस नव्हता तो. त्याचं दुःख खरं होतं.

गर्दी पांगल्यावर मंगली बापापुढे उभी राहिली.

"ते मले होतं का नाई? खरं सांग."

गोविंदानं खोटं सांगितलं नाही. "तुलेच विणलं होतं. म्हून तर माह्याजवळ द्यायले काही होतं. त्याची छाती गेली वो. जड जाळं त्याले उचलत नाई."

"मंग माही छाती जाऊ दे. मंग मले देशीन?"

गोविंदानं तिच्या डोक्याकडे हात नेला. ती बाजूला सरली.

पुढचे दिवस मंगलीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. मोह वेचताना दुसऱ्या पोरी तिला चिडवीत, "काय वो मंगले, तुह्या जहरकाकाची तब्येत कशी आहे?" घरी बाप आला की ती भिंतीकडे तोंड करी. तो गेला की दारात उभी राहून तुडुमाच्या बाजूला बघत राही. त्या खोपडीतून धूर निघाला तरी तिला राग येई, आणि धूर दिसला नाही तरी येई.

एकदा गोकुळानं आंबिलीचं गाडगं तिच्या हातात दिलं. "बुधरीबाईले नेऊन दे."

"मी नाई."

"मी सांगून राह्यली."

ती गेली. खोपडीजवळ पोचली आणि थबकली. आतून बापाचा आवाज येत होता. "अन् त्यानं नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडली. कोणासाठी? एका हेकट मेंढरासाठी. अन् ते मेंढरू कुठी? काट्यात अडकून असं करून राह्यलं," आणि मग गोविंदा बेंबटला. तसाच. मान वर करून, शेवटी आवाज कापरा करत. लच्छू हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि गोविंदा त्याच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही हसायला लागला.

मंगलीनं गाडगं दाराबाहेर जमिनीवर ठेवलं आणि परत फिरली. जाळं दिलं ते एक वेळ चाललं असतं. पण तो आवाज तिचा होता.

"अंदर काऊन नाई आली तू?" गोविंदानं घरी आल्यावर विचारलं. "गाडगं कुत्र्यानं सांडवलं असतं ना."

"मी काई हरवली नाई," मंगली भिंतीकडे बघून म्हणाली. "म्हून मले कोणी शोधत नाई."

गोविंदा तिच्याजवळ येऊन बसला. तेवढ्यात चैतूनं फाटलं जाळं आणलं, आणि ती वेळ तशीच गेली.

चैत्र सरता सरता तलाव झोडपायचा दिवस आला.

त्या दिवशी चूल सकाळीच विझवतात. बाया, बाप्ये, पोरं, सगळे चिखलात. पाणी छातीपासून कमरेपर्यंत उतरलेलं, वर ऊन असं की डोळे उघडवत नाहीत. पुरुषांनी रांग धरून पाणी झोडपलं, जाळी पडू लागली, बायकांच्या टोपल्या भरू लागल्या. चिखलात पाय रुतून रुतून पोटऱ्या भरून आल्या. शिंगट्या माशाचा काटा लागून चैतूच्या बोटातून रक्त आलं, तर त्यानं ते तोंडात धरलं आणि तसाच कामाला लागला.

पार टोकाला, तुडुमाजवळ, लच्छू पाण्यात उतरलेला दिसला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्याला हाकलायचं म्हटलं तर हाक मारावी लागणार, आणि नाव तर घ्यायचं नाही! चैतू दात काढून म्हणाला, "आता काय, खडा मारता का गा?" मुखरूनं तिकडे पाठ फिरवली. मग लच्छूनं जाळं खांद्यावर घेतलं, कंबर वळवली आणि फेकलं. हवेत ते पूर्ण गोल उघडलं आणि सगळ्या कड्या एकाच वेळी पाण्याला लागल्या. इतकं सुंदर उघडलेलं जाळं मंगलीनं कधी पाहिलं नव्हतं. ते आपण कातलेलं आहे हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला ते पाहवत नव्हतं. त्या जाळ्यात मांडीएवढी मरळ आली. दिवसातली सगळ्यांत मोठी. लच्छूनं ती ओढत आणून मुखरूपुढच्या ढिगात टाकली आणि दूर जाऊन उभा राहिला.

दुपारी वाटे पडले. पेंढरबोडीची रीत अशी, की पळसाच्या पानांवर घरागणिक ढीग लावायचे. मग एका लेकराला ढिगांकडे पाठ करून उभं करायचं. म्होरक्या एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि लेकरू तोंडात येईल त्या घराचं नाव घेतं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून कोणी भांडत नाही. शेवटी उरलंसुरलं असेल ते नाव घेणाऱ्याचं. गेली तीन वर्षं नावं मंगलीच घेत होती.

ढीग लावून होत आले तसा गोविंदा पुढे झाला.

"मुखरूभाऊ, एक वाटा आणखी लावा."

गलका थांबला.

"शपथ आहे गोविंदा. तूबी होता तवा पाण्यात उभा," मुखरू म्हणाला.

"होतो. माहंबी तोंड बांधलं आहे. पण लेकराचं नाई. ते शपथेत नव्हतं."

मुखरूनं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. मरळीकडे बघितलं. लच्छूकडे बघितलं नाही. मग त्यानं पळसाची चार पानं मांडली, त्यांवर मरळ ठेवली, वर मूठभर झिंगे टाकले.

"पंधरावा लावला. पोट्टीनं नाव घेतलं तर उचलून न्यावं. नाई घेतलं तर रिवाजानं ज्याचं त्याले. मंग माह्यापाशी कोणी रडाले यायचं नाई."

गोविंदा मंगलीजवळ आला. ती वाट बघत होती की आता तो सांगेल, आता दटावेल, आणि मग आपण नाही म्हणू. पण तो एवढंच म्हणाला, "तुही जीभ आहे बाई. अन् तुहं मन." आणि बाजूला झाला.

मंगली पाठ करून उभी राहिली. पुढे चिखल होता आणि त्यात एक बगळा.

"हा कोणाचा?"

"चैतूकाकाचा."

"हा कोणाचा?"

"तुमचा, मुखरूआबा."

नावं येत गेली. एकेक घर कमी होत गेलं. चौदावं नाव तिनं स्वतःच्या बापाचं घेतलं. मग मुखरूचा आवाज जरा खाली आला.

"हा कोणाचा?"

नाव अगदी जिभेवर होतं. तीन अक्षरंही नव्हती. मंगलीला ते जाळं हवेत उघडलेलं दिसलं, बापाचा त्याच्या पाठीवरून फिरणारा हात दिसला.

"हा कोणाचा वो पोरी?"

बगळ्यानं एक पाय उचलला आणि तसाच धरला.

"आखरी बार विचारतो. हा कोणाचा?"

"कोणाचाच नाई," मंगली म्हणाली.

"मंग तुहा."

मागे एकदम हसण्याचा फवारा उडाला. "शाबास पोट्टी!" "बापापेक्षा लेक हुशार निंगाली!" ज्या बाईनं त्या सकाळी खुदकन हसून दाखवलं होतं, तिनंच आता मंगलीचा गाल कुरवाळला. तिच्या हाताला माशांचा वास होता.

मंगली वळली. लच्छू जाळं धूत होता. कडी कडी करून त्यानं त्यातला चिखल काढला, घडी घातली आणि खोकत, थांबत तिच्यापर्यंत आला.

"हे घे बाई. गोविंदानं सांगतलं मले, सूत तुहं आहे म्हून. लय मजबूत कातलं." त्यानं जाळं तिच्या पायाशी ठेवलं. "मी तुह्या जागी असतो तर मीबी नाव घेतलं नसतं."

तो रिकाम्या हातानं पाळ चढून गेला. गोविंदानं स्वतःचा वाटा टोपलीत भरला आणि त्याच्या मागे गेला. मंगलीकडे त्यानं रागानं बघितलं नाही. रागानं बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

घरी ओसरीवर ढीग पडला. माशा घोंगावू लागल्या. जाळं बांबूवर परत टांगलं होतं. दोन्ही वस्तू तिच्या होत्या आणि ती त्यांच्यापासून हातभर लांब बसली होती. मरळ अजून जिवंत होती. मरळ तशी लवकर मरत नाही. मधूनच ती शेपूट आपटी.

"माय, कापत काऊन नाई तू?"

"तुही मासोळी. तू काप." गोकुळा तिच्याजवळ येऊन बसली आणि तिनं डावा हात पुढे केला. तो कोपरात वाकडा होता, सरळ होत नसे. "हे पाह्य. कशानं झालं?"

"झाडावरून पडली होती ना तू."

"तसं सांगतलं होतं तुले. तुह्या बाबानं मोडला. मोहाची पिऊन आला होता, भात थंड होता म्हून. तू पाळण्यात होती."

मंगलीनं त्या वाकड्या कोपराला बोट लावलं.

"गावानं त्याले वाळीत टाकल्यावाणी केलं. मले बरं वाटलं. मंग तो मास्तर यायले लागला सायकल घेऊन. भाषण नाई, काई नाई. याच्याजवळ बसे. रोज. एक दिवस मी मास्तरले बोलली, मार मी खाल्ला, अन् दया त्याले वाटून राह्यले तुमी? माह्या वाट्याची कुठी आहे?"

"मंग?"

"मास्तर रडला. मंग दुसऱ्या दिवसापासून आधी चुलीपाशी येऊन माह्याजवळ बसे, मंग त्याच्याजवळ." गोकुळानं हात परत मांडीवर घेतला. "तुह्या बाबाले माफी भेटली याचा मले लय दिवस जळफळाट होता. अजूनबी होते कदी कदी. थंडीत कोपर दुखला म्हणजे."

"मंग आता मी काय करू?"

"ते मले नाई सांगता येत. जा, नाईतर नको जाऊ. पण ऊन पाह्य. झिंगे तर आताच नरम पडले."

मंगलीनं ढिगावरच्या माशा हाकलल्या. मग उठली. टोपलीत ढीग भरला, वर पळसाची पानं झाकली, टोपली डोक्यावर घेतली. पाळीवरची वाट तापली होती, पाय भाजत होते. मरळ टोपलीत उसळली की मानेला हिसका बसे.

खोपडीच्या दारापाशी ती पोचली आणि पुन्हा तिथंच थबकली. आत मासे शिजल्याचा वास होता. बुधरीच्या कण्हण्याचा आवाज, भांड्याचा आवाज. त्यांचं जेवण चाललं होतं. आपल्यावाचून.

गोविंदाला दारात सावली दिसली असावी. तो खरकट्या हातानं बाहेर आला.

"अंदर ये ना वो."

"नाई."

"तू बाहेर अन् मी अंदर, माहा घास उतरत नाई."

"तू त्याले मेंढराचा आवाज करून दाखवला."

गोविंदानं खरकटा हात धोतराला पुसला. मग उन्हात, तिथंच दाराबाहेर खाली बसला. "हो, दाखवला. चुकलो का मी?"

"मले इचारलं नाई तू. जाळ्याचंबी नाई इचारलं."

"नाई इचारलं. ते चुकलं माहं." त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तू रोज माह्याजवळ होती बाई. मले वाटलं, जे माहं ते तुहंच आहे, इचारायचं काय त्यात?"

टोपलीतून पाणी गळून मंगलीच्या कानामागून खाली येत होतं. बापानं टोपली घ्यायला हात पुढे केले. तिनं दिली नाही.

"जाळं मी नाई आणलं," ती म्हणाली.

"नाई आणलं तर नाई आणलं."

ती त्याला ओलांडून आत गेली. आत अंधार होता, डोळ्यांना काही क्षण काही दिसेना. मग बाजेवर बुधरी दिसली, आणि चुलीजवळ लच्छू, तिला बघून अर्धवट उठलेला, ताटली हातात तशीच. मंगलीनं टोपली जमिनीवर उतरवली. कोपऱ्यातली विळी ओढून तिच्यावर पाय ठेवून बसली. चुलीतली मूठभर राख घेऊन मरळीला चोळली, तरी ती हातातून निसटून जमिनीवर आपटली. एकट्या माणसाच्या हातात मावणारी ती नव्हतीच.

"लच्छूकाका," मंगली मान वर न करता म्हणाली, "शेपूट धर."